लुंबिनीचा ओटा

हिमायतनगरात मारोती गवंड्याला कुणी "लेक काय करती?" असं विचारलं, की तो हातातली थापी खाली ठेवायचा आणि मगच उत्तर द्यायचा. लेकीबद्दल घाईघाईत बोलणं त्याला बेअदबीचं वाटे. थापी एकदा खाली गेली की तगारीतला सिमेंटचा माल आवळून घट्ट होईपर्यंत वर यायची नाही. म्हणून त्याच्या हाताखालचे लोक नव्या घरमालकाला पहिल्याच दिवशी बजावून ठेवत, की चहा द्या, पाणी द्या, पण मिस्त्रीला लेकीचं तेवढं विचारू नका.

ही लेक म्हणजे लुंबिनी. अंगानं किरकोळ, बोलायला भरभर, आणि स्वतःचा विनोद सांगून संपायच्या आधीच हसून मोकळी होणारी. ती नांदेडला विद्यापीठात पीएच.डी. करत होती. नेमकं काय करत होती हे वस्तीत कुणालाच धड माहीत नव्हतं. मारोतीलाही माहीत नव्हतं, फक्त आपल्याला माहीत नाही हे त्याला कळलेलं नव्हतं.

तिची गोष्ट सांगायची तर विहाराच्या ओट्यापासून सुरुवात करावी लागते. ती अजून रांगत होती तेव्हा वस्तीनं बुद्धविहार बांधायला घेतला. जागा मिळाली, पण मूर्ती कुठून आणायची आणि कधी, याचा पत्ता नव्हता. लोक म्हणाले, मूर्तीचं ठरल्यावर बघू. मारोती म्हणाला, "ओटा तर बांधून ठिवू. मूर्ती आल्यावर तिला काय दारात उभं करता का?" मग कामावरून सुटल्यावर माणसं दगड उचलू लागली, बाया पाणी मारू लागल्या, आणि मारोतीची बायको पंचशीला लुंबिनीला वाळूच्या ढिगावर बसवून माल कालवू लागली. ओटा झाला. त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली, पुढं मेणबत्त्या लावल्या, आणि वस्ती मूर्तीची वाट बघत बसली.

चांगली बरीच वर्षं बसली. मधल्या काळात त्या ओट्यानं काय काय नाही बघितलं! पौर्णिमेची वंदना झाली, लग्नं लागली, दहावीच्या पोरांनी रट्टे मारले. पोलिओच्या रविवारी नर्सबाई निळा डबा घेऊन तिथंच बसायच्या. लुंबिनीनं आपले दोन थेंब तिथंच गिळले आणि बोटावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून त्या हातानं जेवायलाही नकार दिला. उन्हाळ्यात बाया त्याच ओट्यावर कुरडया वाळवत, नंतर धुऊन देण्याच्या बोलीवर. दुसऱ्या आळीतले लोक चेष्टा करायचे, "मारोती, ओटा लई झकास हाय, पण वर काय हाय?" मारोती चिडायचा नाही. तांब्याभर पाणी आणून ओट्याच्या मधोमध ओतायचा आणि म्हणायचा, "बघा, कुठल्या अंगाला धावतंय का?" पाणी बापडं जागच्या जागी गोल पसरायचं.

लुंबिनी नववीत असताना मूर्ती आली. ट्रकातून उतरवून ओट्यावर ठेवली, तर खाली दगडाची एक चिपसुद्धा सरकवावी लागली नाही. त्या दिवशी मारोती रडला, आणि डोळ्यात सिमेंट गेलं असं सांगत फिरला. त्या दिवशी गावात कुठंच काम चालू नव्हतं, पण कुणी त्याला तसं म्हणालं नाही.

मूर्ती यायच्या बऱ्याच आधी, एका वर्षी चिकनगुनियाची साथ आली होती. निम्मी वस्ती भिंत धरून चालू लागली. बाकीचे बरे झाले, पण मारोतीचे गुडघे त्या तापानं जे धरले ते पुन्हा पुरते सोडले नाहीत. तेव्हापासून तो पाटावर बसून विटा रचतो. लहानगी लुंबिनी त्याच्या गुडघ्यांना तेल लावता लावता म्हणाली होती, "बाबा, पोलिओसारखं ह्याचं औषध न्हाई का पाजत?" मारोती म्हणाला, "असतं तर तुझा बाप असा वाकला असता का, माय?"

दहावीला तिला भरभरून मार्क पडले. मराठवाड्यात मार्क पडलेल्या लेकराचं जे होतं तेच तिचं झालं. पत्र्याची पेटी, एक गादी आणि डॉक्टर व्हायची जबाबदारी घेऊन ती लातूरला क्लासला गेली. लातूरच्या ज्या गल्लीत ती राहिली, तिथं भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो होते. सकाळी दूध आणायला गेलं तरी ते तिच्याकडं टक लावून बघत. इकडं मारोतीनं घराला पुढून एक खोली काढली आणि तिला रस्त्याकडं वेगळं दार ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "हा लेकीचा दवाखाना."

मेडिकल हुकलं. पुन्हा बसली, पुन्हा हुकलं. दवाखान्याच्या खोलीत आधी सिमेंटची पोती आली, मग शेळी आली. एकदा लुंबिनी त्या खोलीत शेळीला पाला टाकत असताना बाहेरून कुणीतरी हटकलं, "मारोती, दवाखाना कवा उघडून राहिलास?" आणि तिचा बाप ओशाळून हसला. ते हसणं तिनं दाराआडून ऐकलं. तसं हसताना तिनं त्याला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिला इतकं वाईट वाटलं, की शेळीच्या गळ्यात पडून ती रडली. आपल्यापायी बाबाचा शब्द पुन्हा चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

नांदेडला बी.एस्सी.ला गेली आणि नशिबानं तिथं तिला प्रथिनं भेटली. लातूरला ती फक्त पाठ केली होती. आता ती वळतात कशी, एकमेकांत बसतात कशी, हे बघण्यात पोरगी अशी रमली, की मेडिकल हुकल्याचं दुःख कुठं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. एम.एस्सी. झाली आणि शिवकांता मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. सुरू झाली. मॅडम मोजकं बोलायच्या. प्रयोग फसला की "पुन्हा" म्हणायच्या आणि जमला की "अजून एकदा" म्हणायच्या.

तिचं काम काय होतं, ते सांगतो. लस म्हणजे शरीराला जंतूची आधीच ओळख करून देणं. त्यासाठी अख्खा जंतू लागतोच असं नाही, त्याच्या अंगावरचा एखादा तुकडाही चालतो आणि त्यात धोका कमी. पण एकटा तुकडा अंगात सोडला, तर शरीर बऱ्याचदा त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. म्हणून प्रथिनाचा एक इवलासा पोकळ गोळा घ्यायचा. फेरिटिन नावाचं प्रथिन असा गोळा आपला आपणच बांधतं. त्याचे चोवीस सारखे घटक एकमेकांत बसतात आणि गोळा तयार होतो. केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. त्या गोळ्यावर चारी बाजूंनी जंतूचे तुकडे ओळीनं बसवायचे. खरा विषाणूही असाच असतो, अंगभर सारख्या खुणा असलेला. तो गोळा बघून मात्र शरीराचे पहारेकरी खडबडून जागे होतात. लुंबिनीनं तुकडा निवडला तो चिकनगुनियाच्या विषाणूचा. का, ते तिनं मॅडमना सांगितलं नाही.

सुरुवातीला गोळे झालेच नाहीत. वर तुकडा जोडला की सगळं प्रथिन नळीच्या तळाशी पांढरं होऊन बसायचं, गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखं. "पुन्हा," मॅडम म्हणायच्या. शेवटी तिनं गोळा आणि तुकडा यांच्यामध्ये प्रथिनाचीच एक सैल दोरी ठेवली, म्हणजे दोघांना हलायला जागा मिळाली, आणि गोळे धरू लागले. ते हैदराबादला पाठवून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा फोटो काढून आणला. करड्या पडद्यावर सारखे गोल गोल ठिपके बघून ती प्रयोगशाळेत नाचली. पुढं ते उंदरांना टोचले. नुसता तुकडा टोचलेले उंदीर ढिम्म राहिले, आणि गोळ्यावरचा तुकडा टोचलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं नुसती उसळली. तिनं तिथूनच घरी फोन लावला.

"बाबा, जमलं! उंदरांच्या रक्तात आलं!"

"काय आलं?"

"लसीसारखं काम करून राहिलं ते, बाबा!"

एवढ्या वाक्यातला मारोतीला एकच शब्द नीट ऐकू आला. तासाभरात हॉटेलवर खबर होती, की मारोतीच्या लेकीनं चिकनगुनियाची लस काढली. शंका घेतली ती फक्त महामाया आत्यानं. ही मारोतीची थोरली बहीण, आणि तिच्या जिभेला अख्खी वस्ती टरकून असे.

"उंदरांना टोचून राहिली म्हणतूस? हितं उंदीर मपली पोती फोडून राहिले, अन् तुपली लेक त्यांची तब्येत जपती व्हय?"

"आधी उंदरांनाच देत असत्यात, आक्का," मारोती जाणकारासारखा म्हणाला.

पुढं प्रबंध लिहून झाला, गेला, मान्य झाला आणि शेवटच्या तोंडी परीक्षेची तारीख लागली. ही परीक्षा खुली असते. विद्यापीठाच्या सूचनेत तसं छापलेलं असतं, की सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे. एरवी त्याला कोण जातं? विभागातली चार पोरं, तीही नाश्त्यासाठी. लुंबिनीनं हौसेनं त्या सूचनेचा फोटो बापाला पाठवला आणि ती आपल्या तयारीला लागली.

मारोतीनं ती सूचना हॉटेलवर मोठ्यानं वाचून दाखवली. सर्व इच्छुक म्हणजे अख्खी वस्तीच की! आणि विद्यापीठ एवढ्या अदबीनं बोलावत असताना पत्रिका न छापणं बरं दिसलं असतं का? त्यानं पत्रिका छापल्या. वर बुद्धाचं चित्र, खाली "आमच्या येथे" असं सुरू करून पुढं जाड अक्षरात: चि. लुंबिनी हिने चिकनगुनियाच्या लसीचा शोध लावल्याबद्दल खुली मौखिक परीक्षा व स्नेहभोजन. भावकीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं टाकली. लेकीला मात्र यातलं काही सांगितलं नाही, कारण तिला चकित करायचं होतं.

चकित ती झालीच. परीक्षेच्या सकाळी ती सभागृहात लॅपटॉप जोडत होती, तेवढ्यात शिपाई चिंतातुर चेहऱ्यानं आत आला. "मॅडम, बाहेर लई मान्सं आल्यात. बायांच्या अंगावर पांढऱ्या साड्या हायत. कुणी गेलं का?"

दोन टेम्पो आणि एक जीप भरून वस्ती आली होती. बाया जयंतीला नेसतात तशा पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून, पुरुष इस्त्रीचे कपडे घालून. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, म्हातारी माणसं टेबलाला टेकून खालीच बसली. मागून बुंदीचं पातेलं आलं. लुंबिनीला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. मग आत्यानं पत्रिका तिच्या हातात दिली. तिनं जाड अक्षरातली ओळ वाचली आणि पत्रिका घाईनं लॅपटॉपखाली सरकवली.

तेवढ्यात तिनं बघितलं, की हैदराबादहून आलेले परीक्षक चष्म्याच्या वरून तसलीच पत्रिका वाचत आहेत. मारोतीनं वाकून, दोन्ही हातांनी, त्यांना सन्मानानं दिलेली होती.

तिनं इंग्रजीत सादरीकरण केलं. वस्तीनं ते मन लावून ऐकलं. पाली वंदना ऐकत आलेल्या माणसांना न कळणारी भाषा शांतपणे ऐकायला काही जड जात नाही. चित्र बदललं की टाळ्या पडत. पंचशीला तर शब्द एकही कळत नसताना दर वाक्याला मान डोलावत होती. सादरीकरण संपलं आणि परीक्षकांनी पत्रिका वर धरली.

"बेटी, तुम्हारी थीसिस पूरी पढ़ा मैं. उसमें वैक्सीन बन गई बोलके कहीं नहीं है. इसमें है. कौनसा सच है?"

नांदेडच्या मातीतल्या माणसाला ही बोली कळायला काय अडचण? प्रश्न सगळ्या सभागृहाला कळला. सुटायची वाट होती. तिनं इंग्रजीत दोन गोल वाक्यं टाकली असती, तर परीक्षकांनी समजून घेतलं असतं आणि वस्तीला कळलंही नसतं. बाबाचा शब्द शाबूत राहिला असता. लुंबिनीनं पहिल्या रांगेत बघितलं. बाबा पाठ ताठ करून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. ह्याच माणसाशी खोटं बोलायचं, आणि तेही त्याला न कळणाऱ्या भाषेत? तिच्यानं ते होईना. ती मराठीत बोलली, आणि वस्तीच्याच मराठीत.

"सर, थीसिस खरी हाय. पत्रिकेत लिवलंय ते झालेलं न्हाई. म्या लस काढली न्हाई."

पंचशीलाचा पदर तोंडाशी गेला. मारोतीनं मान खाली घातली.

"न्हाई?" महामाया आत्या उभी राहिली. "मंग इतके दिस काय नुसते उंदीर पाळलेस?"

मॅडम तिला थांबवायला उठल्या, पण परीक्षक म्हणाले, "पूछने दो. खुली परीक्षा है."

"आत्या," लुंबिनी म्हणाली, "आपल्या विहारात आधी काय झालं? ओटा का मूर्ती?"

"ओटा. म्या सोता दगड वाह्यलेत."

"मूर्ती न्हवती तवर त्यो ओटा खोटा व्हता का?"

"खोटा कामून असंल?" आत्या कडाडली. "लेकरांना पोलिओ कुठं पाजला मंग?"

"म्या त्योच बांधला, आत्या. ओटा. इतका बारका की डोळ्याला दिसत न्हाई. त्याच्यावर चिकनगुनियाचा एक तुकडा ठिवून बघितला, तर उंदरांच्या अंगानं वळखला. मान्साला द्यायचं म्हटलं तर अजून लई काम हाय, लई वर्सं जातील, अन् कुणास ठाऊक, जमणारबी न्हाई. परदेशात चिकनगुनियाची लस निघालीय बी. पण ह्या ओट्यावर उद्या दुसऱ्या तापाचा तुकडा बसवता येतो, परवा तिसऱ्या. त्याच्यासाठी बांधलाय त्यो."

मग पहिल्या रांगेत मारोती गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, उभा राहिला.

"मला इचारायचं हाय," तो परीक्षकांना म्हणाला. त्यांनी मान हलवली. मारोती लेकीकडं वळला आणि ज्या आवाजात तो हाताखालच्या गवंड्याशी बोलतो त्या आवाजात त्यानं विचारलं, "पातळीत हाय का?"

लुंबिनीनं हैदराबादचा फोटो पुन्हा पडद्यावर आणला. करड्या पडद्यावर गोल ठिपके, सगळे एका मापाचे.

"बघा, बाबा. एकबी वाकडा न्हाई."

मारोती पडद्याजवळ गेला. एका डोळ्यानं बघितलं, मान तिरपी करून बघितलं, भिंतीचा ओळंबा बघतात तसं.

"उन्हानं तडा जातोय का?"

"फ्रिजाबाहेर ठिवला, लई गरम केला, तरी तसाच राह्यला."

"मंग झालं की." मारोती लोकांकडं वळला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी त्यानं सिमेंटचं नाव घेतलं नाही. "काम पक्कं हाय. मूर्ती येईन. आपल्याला काय वाट बघायची सवय न्हाई का?"

टाळ्या अशा पडल्या, की शेजारच्या विभागातली माणसं दारात येऊन उभी राहिली. परीक्षक हसत होते. म्हणाले, "बेटी, तुम लिखे ना, अकेला टुकड़ा आया तो बॉडी देखती नहीं, सब मिलके लाइन से आए तो जाग जाती बोलके? आज मेरा भी वैसाइच हुआ." आणि त्यांनी निकाल सांगितला. डॉक्टर लुंबिनी. शिवकांता मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच "पुन्हा" किंवा "अजून एकदा" यांपैकी काहीच म्हणाल्या नाहीत. मग अंगणात झाडाखाली पंगती बसल्या. परीक्षकांनी बुंदी दोनदा मागून घेतली. आत्या शिपायाला शेजारी बसवून उंदरांच्या खाण्यापिण्याची सविस्तर चौकशी करत होती.

थोड्या दिवसांनी लुंबिनी घरी आली. मारोती पुढच्या खोलीला बाहेरून गिलावा करत होता, कारण लेकीच्या पुस्तकांना आता जागा लागणार होती. शेळीला अजून ते पटलेलं नव्हतं, म्हणून लुंबिनी आत तिची समजूत घालत होती. रस्त्यावरून कुणीतरी हटकलं.

"काय मारोती, लेकीनं लस काढली न्हाई म्हणं?"

लुंबिनी दाराआड थबकली. बाहेर थापी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"न्हाई काढली," मारोती म्हणाला, आणि ते असं ठणकावून म्हणाला, की दुसऱ्या आळीलाही ऐकू गेलं असेल. "लस काय, कुणीबी काढंन. ओटा कुणी बांधला ते इचार! बस हितं, सांगतो."

आत लुंबिनी शेळीच्या गळ्यात पडून हसत होती, आणि बाहेर तगारीतला माल आवळून येत होता.